बारा सागरी मैलांचा सातबारा

कोल्हापुरात समुद्र नाही. पंचगंगा आहे, रंकाळा आहे, आणि पुराच्या वर्षी शाहूपुरीत येतं ते पाणी आहे. पण १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं इथे उद्घाटन झालं आणि समुद्र घाट चढून थेट भाऊसिंगजी रोडवर आला. बेंचसाठी चार दशकं आंदोलनं झाली. त्या सगळ्या काळात आपण सहा जिल्ह्यांची नावं घोषणेसारखी म्हणत होतो: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. त्यातल्या शेवटच्या दोन नावांबरोबर पर्ससीन (थवाच्या थवा घेरणारं मोठं जाळं), एलईडी (रात्री दिव्यांनी मासे ओढून केलेली मासेमारी) आणि परप्रांतीय ट्रॉलरही आपल्या दारात येणार, याचा विचार फारसा कुणी केला नव्हता. आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या चहाच्या गाड्यावर गूळ आणि एफआरपीच्या (उसाच्या दराच्या) गप्पांत अधूनमधून सागरी मैलही ऐकू येतात.

पण तिथे चालणारा वाद ऐकून जीव वैतागतो. एक गट म्हणतो, ‘घटनेचं कलम २९७ उघडून बघा. समुद्र केंद्राचा. विषय संपला.’ दुसरा गट टेबलावर हात आपटून म्हणतो, ‘किनारा आमचा, मच्छीमार आमचे, बंदरं आमची. दिल्लीला बांगडा आणि तारलीतला फरक तरी कळतो का?’ टाळ्या दुसऱ्या गटाला जास्त पडतात, पुस्तकं पहिल्या गटाच्या हातात असतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही गट एकाच जागी चुकतात. मालकी कुणाची आणि कायदा कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघंही ते एकाच पोत्यात भरतात. बारा सागरी मैलांच्या आतल्या पाण्यात राज्याचा कायदा चालतो. तो केंद्राच्या मेहेरबानीने चालत नाही, घटनेने चालतो. बाराच्या पुढे तो चालत नाही, आणि चालावा असा हट्टही राज्याने धरू नये. त्या पाण्यात राज्याने अंमलबजावणीतला वाटा, उत्पन्नातला हिस्सा आणि निर्णयाआधी विचारलं जाण्याचा हक्क मागावा. ते मागण्याची सोय याच घटनेत आहे.

सातबाऱ्यावर माझं नाव आहे म्हणून माझ्या शेतात भारतीय न्याय संहिता लागू होत नाही असं नाही. कूळकायद्यात काय असावं हेही मी ठरवत नाही. मालक मी, कायदा सरकारचा. आता हेच उलट करून बघा. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसची जागा रेल्वेची, म्हणजे केंद्राची. रेल्वेच्या मालमत्तेची राखण आरपीएफ करतं. पण प्लॅटफॉर्मवर तुमचं पाकीट मारलं गेलं तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात, आणि ते महाराष्ट्राचे पोलीस असतात. स्टेशनची मालकी केंद्राकडे गेली म्हणून स्टेशन महाराष्ट्रातून बाहेर गेलं का? कलम २९७ सुद्धा असाच एक सातबारा आहे. त्यात म्हटलंय की प्रादेशिक सागराखालची (म्हणजे पहिल्या बारा मैलांखालची), सागरमंचाखालची (किनाऱ्यापासून समुद्रात पसरलेल्या खंडाच्या भूभागाखालची) आणि अनन्य आर्थिक क्षेत्राखालची (दोनशे मैलांपर्यंतच्या पाण्याखालची) जमीन, खनिजं आणि इतर मोलाच्या वस्तू केंद्राकडे निहित राहतील. शब्द आहे ‘खालची’. मूळ घटनेत फक्त प्रादेशिक सागर होता. १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने सागरमंच जोडला, १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने आर्थिक क्षेत्र. दर वेळी वाढली ती इस्टेट. त्या पाण्यावर कोणत्या विषयात कोण कायदा करणार, याबद्दल हे कलम बोलत नाही. ते काम सातव्या अनुसूचीचं.

त्या अनुसूचीतल्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्या तरी अर्धा वाद मिटतो. राज्यसूचीत २१ व्या क्रमांकावर एकच शब्द आहे: मत्स्यव्यवसाय. केंद्रसूचीत ५७ व्या क्रमांकावर लिहिलंय: प्रादेशिक सागराच्या पलीकडील मासेमारी आणि मत्स्यव्यवसाय. संपूर्ण समुद्र केंद्राचाच असता, तर ‘पलीकडील’ हा शब्द लिहिण्याची गरज काय होती? पलीकडचं केंद्राला दिलं याचा अर्थ अलीकडचं राज्याकडे ठेवलं. आणि हा आपल्या कल्पनेचा खेळ नाही. केरळने १९८० साली, महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. केरळने आपल्या प्रादेशिक पाण्यात पर्ससीन आणि तत्सम जाळ्यांवर बंदी घातली, तेव्हा यांत्रिक बोटवाले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोर्टाने बंदी कायम ठेवली, पारंपरिक मच्छीमाराच्या पोटाचा प्रश्न मोठा मानला. राज्याच्या हातात समुद्रच नसता तर ही बंदी पहिल्याच दिवशी उडाली असती.

केंद्रानेही सोयीच्या जागी हे मान्य केलेलंच आहे. २०१७ च्या एकात्मिक जीएसटी कायद्याचं नववं कलम काढा. प्रादेशिक सागरात पुरवठा झाला तर तो कुठल्या राज्यात झाला असं धरायचं? समुद्रातली अंतरं जिथून मोजतात त्या आधाररेषेचा सर्वांत जवळचा बिंदू ज्या किनारी राज्यात, त्या राज्यात. म्हणजे करासाठी मालवणसमोरचं पाणी महाराष्ट्राचं, हे संसदेने स्वतःच्या हाताने लिहिलं. मग तेच पाणी इतर विषय निघाले की दिल्लीचं कसं होतं?

इथे राज्याभिमानी गटाच्या टाळ्या पडणार हे मला माहीत आहे, म्हणून लगेच त्यांच्याकडे वळतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याबाहेर एका इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार मारले गेले. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आरोपींना पकडलं. मारले गेलेले साधे मच्छीमार, मृतदेह आले केरळच्या बंदरात, भावना किती तीव्र असतील याची कल्पना करता येते. पण घटना किनाऱ्यापासून साडेवीस सागरी मैलांवर घडली होती. जानेवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याचा अधिकार प्रादेशिक सागरापुरता, म्हणजे बारा मैलांपुरता. त्यापुढे तपास आणि खटला केंद्राने चालवायचा. केरळ हरलं, अशी बातमी झाली. मला त्या निकालात राज्यांची बाजूही दिसते: बाराच्या आत तुमचं चालतं, हे त्यातूनच पक्कं झालं. पण ‘बॉम्बे हाय आमचं’ म्हणणाऱ्यांनी हाच निकाल दुसऱ्या अंगाने वाचावा. १९७४ साली तिथे तेल सापडलं ती जागा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे. बारा सागरी मैल म्हणजे जेमतेम बावीस किलोमीटर. कायद्याची दोरी कितीही ताणली तरी तिथपर्यंत पोचत नाही.

जुनं काही सांगितल्याशिवाय कोल्हापूरकराचं भाषण पुरं होत नाही, तेव्हा ते करून घेतो. १८७१ साली मुंबई हायकोर्टापुढे एक प्रकरण आलं, कायद्याच्या पुस्तकांत ते कास्त्या रामा या नावाने नोंदलं आहे. समुद्रात रोवलेले मासेमारीचे खुंट कुणीतरी उपटून टाकले होते. भांडण कोळ्यांचं, नुकसान जाळ्यांचं. प्रश्न असा, की किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतल्या पाण्यात घडलेल्या गोष्टीला इथलं फौजदारी कोर्ट हात लावू शकतं का? हायकोर्ट म्हणालं, लावू शकतं. गंमत म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी, १८७६ साली, लंडनमध्ये ‘फ्रँकोनिया’ या जर्मन जहाजाच्या प्रकरणात न्यायाधीशांचं बहुमत नेमकं उलटं गेलं. ओहोटीची रेषा संपली की आमचा कायदा संपला, असं ते म्हणाले आणि मग १८७८ साली पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. म्हणजे आपल्याकडच्या कोर्टाने खुंटांच्या भांडणातून जे ओळखलं ते लंडनला कायदा करून मिळवावं लागलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की समुद्रावरची हद्द कुणी नकाशावर रेघ मारली म्हणून आधी ठरली नाही. कुणाची जाळी कुठे लागतात आणि ती कुणी तोडली, यातून ती ठरत गेली.

आणि कोल्हापूरचा समुद्राशी संबंध नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मालवणचा इतिहास काढावा. सिंधुदुर्ग किल्ला करवीरकर छत्रपतींकडे होता, इंग्रज आपल्या आरमाराला चाचे म्हणत. १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि किल्ला इंग्रजांकडे गेला, बदल्यात परकी शत्रूपासून संरक्षणाचं वचन मिळालं. किनारा द्यायचा आणि संरक्षण घ्यायचं, हा सौदा आपल्याला नवीन नाही.

आता केंद्राच्या बाजूचे मुद्दे. हे मुद्दे खरोखर वजनदार आहेत आणि राज्याभिमानी मंडळी त्यांना हसण्यावारी नेतात म्हणूनच हरतात.

पहिला सुरक्षेचा. १९९३ चं आरडीएक्स दिघी आणि शेखाडीला उतरलं. २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाच्या मच्छीमार बोटीतून आले. समुद्र ही देशाची वेस आहे आणि वेशीची किल्ली प्रत्येक वाड्याकडे वेगळी ठेवता येत नाही. मान्य. पण वेशीवर दिवसरात्र कोण असतं? किनाऱ्यालगतच्या पाण्यात गस्त राज्याचे सागरी पोलीस घालतात, अनोळखी बोट आधी मच्छीमाराला दिसते. ज्याच्या डोळ्यांवर सुरक्षा उभी आहे, त्याचा त्या पाण्यातला हक्क कमी करून सुरक्षा वाढते कशी? रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ असं रोखठोक लिहिलं, आणि केंद्रवादी ते वाक्य आनंदाने उचलतील. पण त्याच प्रकरणात पुढे काय आहे? आंबा आणि फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू देऊ नये. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. आरमार राज्याचं आणि झाड रयतेचं, या दोन्ही गोष्टी त्या बावडेकराला एकाच वेळी कळत होत्या. योगायोग असा, की आज मालवणचा मासा ज्या रस्त्याने कोल्हापुरात येतो तो त्यांच्याच गगनबावड्यावरून येतो.

दुसरा मुद्दा माशांचा. मासा पोहताना सीमा बघत नाही. महाराष्ट्राने एक नियम केला, कर्नाटकाने दुसरा, गोव्याने तिसरा, तर तारलीच्या थव्याने कुणाचं ऐकायचं? उद्या कर्नाटकातल्या मलपीच्या बोटी मालवणात आणि मालवणच्या गोव्यात, अशी रोजची मारामारी होणार. (आताही होते.) हा मुद्दा मला सगळ्यांत पटतो, कारण आपण कृष्णेकाठचे. शिरोळ तालुक्यात राजापूर बंधाऱ्याच्या खाली महाराष्ट्राचा कायदा थांबतो, पण पूर थांबत नाही. २००५, २०१९, २०२१. दर वेळी अलमट्टीच्या दारांकडे डोळे लावून आपण बसलो. वाहत्या गोष्टीवर एकट्याची सत्ता चालत नाही हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. पण याच उदाहरणात उत्तरही आहे. पाणी हा राज्याचा विषय, राज्यसूचीत सतराव्या क्रमांकावर. आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राचा विषय, केंद्रसूचीत ५६ व्या क्रमांकावर. आणि त्याच्या लगेच खाली ५७ वा, प्रादेशिक सागरापलीकडच्या मासेमारीचा. घटनाकारांनी दोन वाहत्या गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्या. नदीसाठी लवाद आले, राज्यांना बाजू मांडायला मिळाली, पाण्याची वाटणी टीएमसीत झाली. कृष्णा आंतरराज्य आहे म्हणून ती केंद्राने परस्पर लिलावात काढावी, असं कुणी म्हणालं का?

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आणि तो आपल्यासारख्या घाटावरच्यांनीच मांडायला हवा. समुद्राखालचं तेल किनाऱ्यावरच्या राज्याचं का? मध्य प्रदेशाने, झारखंडने काय पाप केलंय? समुद्र कुणी पेरला नाही, कुणी नांगरला नाही. संविधान सभेत १९४९ साली हे कलम आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांसमोर हीच काळजी होती: विलीन होणारी किनाऱ्यावरची संस्थानं उद्या पाण्याखालची संपत्ती आमची म्हणतील, तेव्हा ती देशाची आहे हे आत्ताच लिहून ठेवा. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं आणि आजही मालकी केंद्राकडे राहावी असंच मला वाटतं. पण मग न्याय दोन्हीकडून हवा. झारखंडची खाण झारखंडच्या जमिनीत असते तेव्हा स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याला मिळतं, शिवाय जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने खनिजहक्कावर कर लावण्याचा राज्यांचा अधिकारही मान्य केला. जिल्हा खनिज प्रतिष्ठानमधून खाणीमुळे झळ पोचलेल्या गावांना पैसा जातो. तेच खनिज पाण्याखाली असेल तर? २००२ च्या अपतटीय (समुद्रातल्या) खनिज कायद्यात स्वामित्वधन केंद्राला. २०२३ च्या दुरुस्तीने एक न्यास आणला, झळ बसणाऱ्यांचं हित त्याच्या उद्दिष्टांत आहे, हे नाकारत नाही. पण तो केंद्राचा न्यास. जमिनीवर जिल्हा, पाण्यावर दिल्ली. खाणीची धूळ गावाच्या छपरावर दिसते आणि गढूळ झालेला समुद्रतळ कुणाला दिसत नाही, यापेक्षा दुसरं कारण मला सापडत नाही.

केरळमधल्या कोल्लमचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या खनिजांचे पहिले तेरा पट्टे लिलावाला काढले. तीन केरळसमोरच्या बांधकामाच्या वाळूचे, तीन गुजरातसमोरच्या चुनखडी गाळाचे, सात अंदमान समुद्रातले. वाळू! सोनं नाही, कोबाल्ट नाही, घर बांधायची वाळू. कोल्लमचा किनारा हे मासळीचं मोठं केंद्र, मच्छीमार रस्त्यावर उतरले, मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने लिलावाविरुद्ध ठराव केला. ठरावाला कायद्याचं बळ काही नव्हतं. केंद्राचा अधिकार कायदेशीर होता, यात शंका नाही. पण अधिकार आहे म्हणून विचारायचंही नाही? वाळू केंद्राच्या नावावर असेल, पण ती उपसताना ज्याच्या रोजीरोटीचं पाणी ढवळतं तो केरळचा मतदार आहे, आणि मदत मागायला तो दिल्लीला जात नाही, तालुक्याला जातो.

इतर संघराज्यांनी यातून वाट कशी काढली? १९४७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाविरुद्ध निकाल दिला: किनाऱ्यालगतचा समुद्रतळ संघाचा. सहा वर्षांत तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून तीन मैलांपर्यंतचा तळ राज्यांना दिला. टेक्सासने तर मेक्सिकोच्या आखातात तीन लीग, म्हणजे नऊ मैल पदरात पाडून घेतले. ऑस्ट्रेलियात १९७५ साली तिथल्या हायकोर्टाने तसाच निकाल संघाच्या बाजूने दिला. १९७९ साली राज्यं आणि संघ एका टेबलाशी बसले, १९८० च्या कायद्याने तीन मैलांच्या आत राज्यांना जमिनीवर असल्यासारखा कायदा करण्याचा अधिकार मिळाला. कॅनडात न्यूफाउंडलंड १९८४ साली कोर्टात हरलं आणि १९८५ साली करार करून संयुक्त मंडळ आणि जमिनीवरच्यासारखं उत्पन्न घेऊन आलं. तिन्ही ठिकाणी राज्यं कोर्टात हरली आणि वाटाघाटीत मिळवून आली. आपल्याकडे मात्र राज्यं एकतर कोर्टात जातात नाहीतर मोर्चात. टेबल कुणी मांडतच नाही. त्या राज्यांना तीन मैलांसाठी भांडावं लागलं आणि मासेमारीपुरते आपल्याकडे बारा आधीपासून आहेत, ही गोष्ट आपल्या भाषणांत कुठेच येत नाही, याचं मला नवल वाटतं.

टेबल मांडायला घटनादुरुस्तीही लागत नाही. कलम २५८ पाहा. संसद ज्या विषयावर राज्याला कायदा करता येत नाही त्या विषयातलं कामही कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकते. आणि सोपवलं तर त्याचा वाढीव खर्च केंद्राने राज्याला द्यायचा. रक्कम ठरली नाही तर सरन्यायाधीशांनी नेमलेला लवाद ठरवेल. एवढी तरतूद लिहून ठेवलेली आहे आणि ती धूळ खात पडली आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम आणले. यांत्रिक बोटींना ऑनलाइन अॅक्सेस पास, एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढण्याला) बंदी, सहकारी संस्थांना प्राधान्य. नियम बरे आहेत. पण तेरा मैलांवर एलईडी लावणारी बोट रात्री परत कुठे येते? राज्याच्या बंदरात. मासळी कुठे उतरते? राज्याच्या जेटीवर. लिलाव कुठे होतो, बर्फ कुठून येतो? बाराच्या पुढची बंदी बाराच्या आतल्या अधिकाऱ्यांशिवाय राबवता येत नाही आणि त्यांच्या डिझेलचं बिल कुणी भरायचं, हे ठरलेलं नाही. तामिळनाडूत याची दुसरी बाजू दिसली. राज्याने २०२२ मध्ये आपल्या पाण्यात पर्ससीन बंद केलं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेशात बारा मैलांपलीकडे सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अशी परवानगी दिली. म्हणजे बोट राज्याच्या पाण्यातून जाळं घेऊन जाणार, पलीकडे टाकणार, भरलेलं जाळं घेऊन राज्याच्या पाण्यातून परतणार, आणि मधल्या बारा मैलांत काही टाकलं नाही यावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा.

राज्याला मोकळं सोडण्याचा माझा विचार नाही. हातात असलेल्या बारा मैलांचं आपण काय केलं? १९८१ चा कायदा झाला आणि चाळीस वर्षं दंडाचं काम तहसीलदाराकडे राहिलं. सातबारा, रेशनकार्ड, पीकपाहणी, निवडणूक आणि मधूनच पर्ससीन. २०२१ च्या दुरुस्तीने ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आलं, दंड वाढले, अलीकडे ड्रोनही आले. पण बोट पकडायला ड्रोन चालत नाही, त्यासाठी गस्ती नौका लागते आणि तिला वेग लागतो. जे हातात आहे ते राखता येत नसेल, तर दोनशे मैलांच्या गर्जनेचा दिल्लीत काय परिणाम होणार?

हा लेख ज्यामुळे सुचला ते सांगून थांबतो. बेंचमध्ये वकिली करणाऱ्या मित्राकडे मालवणकडचे एक काका आले होते. पहाटेच्या एसटीने करूळ घाटातून आलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जाळ्याचा एक हातभर तुकडा पुरावा म्हणून आणलेला. त्याला अजून वास होता. परप्रांतीय ट्रॉलरने त्यांची जाळी ओढत नेली. त्यांनी तक्रार केली, तर एका कार्यालयात उत्तर मिळालं की जागा बारा मैलांबाहेरची आहे, आमच्या हद्दीत नाही. जाळी किती वाव खोल पाण्यात होती, हे त्यांना तोंडपाठ होतं. मैल विचारले तर म्हणाले, “आमी वाव मोजतंव वकीलसाहेब, मैल कोण मोजता?” मग त्यांनी मुलाच्या मोबाइलमधल्या जीपीएसचं टिपण काढलं. मित्राने चार्टवर पट्टी ठेवली. समोरच्या पुळणीपासून मोजलं तर अंतर साडेबाराच्या आसपास भरत होतं.

काकांचा चेहरा पडला. मित्र म्हणाला, थांबा, बारा मैल पुळणीपासून मोजत नाहीत. ते केंद्राने अधिसूचित केलेल्या आधाररेषेपासून मोजतात, आणि ती रेषा कित्येक ठिकाणी किनाऱ्याच्या बरीच बाहेरून जाते. त्याने पट्टी उचलून चार्टवर बाहेर सरकवली, पुन्हा मोजायला घेतलं. काका खुर्ची पुढे ओढून चार्टवर वाकले आणि त्यांनी जाळ्याचा तुकडा उचलून मांडीवर घेतला.